धुतलेलं पिस्तूल

खंडेनवमीला घरातलं लोखंड धुवायचं, ही रीत. कोयती, विळी, खणायची पारय, सगळं विहिरीवर न्यायचं, राखेनं घासायचं आणि पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. पेठकिल्ल्यातल्या हरिश्चंद्राच्या घरी त्या पाटावर आणखी एक वस्तू असे, ती म्हणजे हवेचं पिस्तूल. बंदर खात्यातला त्याचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना ते त्याला देऊन गेला होता. चिमण्या मारायचं खेळणं नव्हे ते. कागदावरचा काळा ठिपका टिपायचं, नेमबाजीचं. दसऱ्याला मांडवीच्या वाळूत नेमबाजीची स्पर्धा होई आणि हरिश्चंद्र दर वर्षी तिथे उभा राही.

पण खरं सांगायचं तर पिस्तूल आता त्याचं राहिलंच नव्हतं. ते त्याच्या लेकीचं झालं होतं. कमळेचा नवरा हर्णैच्या मचव्यावर होता. मचवा समुद्रात गेला तो गेलाच. पोरगी माहेरी आली आणि तिनं बोलणंच टाकलं. वर्षभर नुसती चूल, विहीर आणि माजघराचा कोपरा. आई, मथुरा, हाका मारून दमली. मग एके दिवशी हरिश्चंद्र ओटीवर छर्रे निवडत बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, सरळ कुठला नि वाकडा कुठला ते त्याला कळेना. कमळा शेजारी येऊन बसली. शिशाचा एक छर्रा उचलून तिनं आरशाच्या काचेवर घरंगळत सोडला. तो एका अंगाला वळत गेला.

"आबा, ह्याची कड चेपलीय," ती म्हणाली.

वर्षानं बोलली ती हे बोलली. हरिश्चंद्रानं छर्र्यांचा डबाच तिच्यापुढे सरकवला.

मग ती त्या पिस्तुलात अशी रमली की काय सांगावं. मुंबईहून दोन तऱ्हेचे छर्रे येत, टोकदार आणि चपट्या डोक्याचे. परसात कोंड्याच्या पोत्यावर मनगट टेकवून तिनं दोन्ही मारून पाहिले. टोकदार छर्रे कागद फाडत आणि भलतीकडेच जात. चपटे एकमेकांच्या शेजारी गोल भोकं पाडत. "ह्याला चपटेच मानवतात," ती म्हणाली, लेकराच्या खाण्याबद्दल बोलावं तशी. पिस्तुलाच्या पोटात एक दट्ट्या आणि त्याच्या टोकाला चामड्याची चकती. ती चकतीच हवा दाबते, सगळा जोर तिचा. तिला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब द्यायचा. खोबरेल चिकटतं, ते नको. आणि पाणी तर नावालाही नको. म्हणून खंडेनवमीला कमळा पिस्तूल तेलाच्या फडक्यानं पुसे, नळीत कापसाचा बोळा घाली आणि स्वतः पाटावर ठेवी. विहिरीवर ते कधी जाऊ दिलं नाही.

त्या वर्षी नवरात्राला मथुरेची बहीण सगुणा अंजनवेलहून आली होती. खंडेनवमीला कमळेच्या हातात पिस्तूल बघून ती ओटीवरच म्हणाली, "मथुरे, पूजेच्या वस्तूला हिचा हात लावतेस? घराला बरं नव्हे गो ते."

मथुरेनं नवऱ्याकडे पाहिलं. हरिश्चंद्र सुपारी कातरत राहिला. आता त्या वेळी एक शब्द बोलायला ह्या माणसाचं काय जात होतं? पण नाही बोलला. कमळेनं पिस्तूल खाली ठेवलं आणि ती माजघरात निघून गेली.

मथुरेनं मग ते कोयतीबरोबर विहिरीवर नेलं. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ह्याच वस्तूनं आपली पोर बोलती केली, म्हणून तिनं ते उघडून आतूनबाहेरून भक्तीनं धुतलं आणि वर कुंकवाची चिमूट वाहिली.

दसऱ्याच्या सकाळी स्पर्धेला निघण्याआधी हरिश्चंद्रानं चाप ओढून पाहिला. फुस्स झालं आणि छर्रा नळीतच अडकला. त्यानं लेकीला हाक मारली. ती दारापाशी येऊन थांबली. "मी हात लावू नये ना," ती म्हणाली.

"लाव," तो म्हणाला.

तिनं पिस्तूल खोललं. आतून तांबूस पाणी गळलं. चकती फुगून दट्ट्याला घट्ट बसली होती, काढताना फाटली. फाटलेले तुकडे कमळेनं ओटीवर ठेवले आणि ती आत जाऊन कोपऱ्यात बसली. मथुरेनं विचारलं, काय झालं गो. उत्तर नाही. जेवायला हाक मारली. उत्तर नाही.

हरिश्चंद्राला हे गप्प बसणं ओळखीचं होतं. स्पर्धा गेली खड्ड्यात. पोरगी पुन्हा मुकी झाली तर? त्यानं ट्रंक उघडली आणि बंदर खात्यातला आपला चामड्याचा पट्टा काढला. नोकरी संपली तरी दर रविवारी तो पुसून ठेवी.

"अहो भावोजी, तो सरकारी पट्टा," सगुणा म्हणाली.

तो माजघरात लेकीशेजारी जमिनीवर बसला. "काल मी बोलायला हवं होतं, कमळे. नाही बोललो. चुकलो मी." पट्टा आणि सुरी त्यानं तिच्यापुढे ठेवली. "मला कड दिसत नाही. नवी चकती तूच काप."

मांडवीकडून ताशाचा आवाज यायला लागला. मग तिनं पट्टा बोटांत धरून दुमडून पाहिला.

"जाड आहे, आबा. आतून तासायला लागेल." आणि जरा थांबून, "स्पर्धा?"

"होऊ दे ती."

चकती कापली, तासली, कोमट तेलात मुरवली. ती दट्ट्यावर बसेपर्यंत उन्हं कलली. परसात मारून बघायचं ठरलं. मथुरा इतका वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होती. ती उठली. फणसाच्या खोडाला तिनं कोरा कागद लावला, पूजेच्या ताटातल्या ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि कागदावर ठसठशीत गोल ठिपका काढला.

कमळेनं काचेवर घरंगळवून एक छर्रा निवडला, भरला, हात उचलला. आणि खाली घेतला.

"आई, कुंकवावर नाही मारणार मी."

मथुरेनं तो कागद काढला, नीट घडी घालून कमरेला खोचला. मग दिव्याची काजळी आणून दुसऱ्या कागदावर काळा ठिपका काढला.

"पुढच्या खंडेनवमीला ते तूच पुसायचं, तूच पाटावर ठेवायचं," ती म्हणाली. ओटीवरच्या सगुणेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

कमळेनं चाप ओढला. कलत्या उन्हात हरिश्चंद्राला कागदसुद्धा धड दिसत नव्हता.

"कुठे लागला गो?"

"जरा खाली, आबा," ती म्हणाली. "चामडं नवं आहे अजून. बसेल हळूहळू." आणि तिनं पुढचा छर्रा काचेवर सोडला.