बर्फाच्या धारा

ऊलायूचा बाप पालुक शिकारीला म्हणून बर्फावर गेला, तो परत आलाच नाही. त्याच हिवाळ्यात शेजारी मुलगा झाला, त्याला पालुकचं नाव दिलं. तिथल्या रीतीनं गेलेल्याचं नाव दिलं की त्याचं नातंही आलंच. म्हणून पन्नाशीची ऊलायू त्या मुलाला, आता सव्वीस वर्षांच्या वैमानिकाला, ‘बाबा’ म्हणायची आणि तोही खुशाल तिला ‘पोरी’ म्हणायचा. यात हसण्यासारखं काय असतं, ते बाहेरून आलेल्यांनाच ठाऊक.

त्या दिवशी ती धावपट्टीलगतच्या खोलीत रेडिओपाशी बसली होती. सूर्यावरच्या वादळानं दोन दिवस वरची हवा विजेनं घुसळून काढली होती. त्यातून येताना उपग्रहांचे संदेश वाट चुकत होते. होकायंत्राचं तर नावच नको. चुंबकीय ध्रुव इतका जवळ की तिथे ते दारुड्यासारखं झुलतं.

दुपारी सव्वाबाराला पालुक विमानातून बोलला.

“पोरी, हा नकाशाचा पडदा येडा झालाय. घटकेत समुद्रावर दाखवतो, घटकेत तळ्यावर. खाली नुसतं पांढरं. इंधन अर्ध्या तासाचं.”

“बाबा, पडद्याकडे बघूच नकोस. खाली बर्फावर—”

रेडिओ खरखरला आणि गप्प झाला. एक पालुक गिळून या बर्फाचं पोट भरलं नव्हतं का? ती हाका मारत राहिली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली.

मग आवाज आला. “पोरी, वायव्येच्या वाऱ्यानं बर्फावर पात्यासारख्या धारा काढल्यात, सगळ्या एकाच दिशेला. त्यांना तिरपं कापत आणतो.”

“आणतो काय, ये लवकर!” ती खेकसली.

आवाज घोगरा होता. खरखरीमुळे असेल, तिला वाटलं.

“मोज्यांवर मोजे घातलेस ना? तुझे पाय लगेच गार पडतात.”

“चेष्टा पुरे, बाबा! विमानाकडे लक्ष दे,” ती रडवेली होऊन म्हणाली.

पलीकडून कुणीतरी हलकेच हसलं. थोड्या वेळानं इंजिनाची घरघर ऐकू आली, आणि विमान एकदाचं धावपट्टीला टेकलं.

पालुक आत आला. ऊलायूनं आधी त्याला मिठी मारली आणि मग पाठीत धपाटा घातला.

“मोजे विचारतो मेला! इथे माझा जीव टांगणीला!”

“कसले मोजे?” तो म्हणाला. “पोरी, तुझं ते ‘पडद्याकडे बघू नकोस’ ऐकलं आणि रेडिओच बंद पडला. पुढे एक अक्षर बोललो नाही की ऐकलं नाही.”

“मग आलास कसा?”

“बर्फावरच्या धारा तिरप्या कापत आलो. मला कुणी शिकवलं नव्हतं गं. हात आपोआप वळत होते.”

मोज्यांचं तर लहानपणी तिचा बाप रोज विचारायचा, ऊलायूला आठवलं. टेबलावरचा रेडिओ खरखरला.

“पोरी, पोचला का तो?”

पालुक भिंतीला टेकला. ऊलायूनं बटण दाबलं. 

“पोचला, बाबा.”