पैलवानाचं कडं आणि मेलेले काटे

ज्याला खोटं वाटेल त्यानं आत्ताच उठून जावं. खंडोबाची आण, गळ्याची आण, मोतीबिंदू काढलेल्या माझ्या दोन्ही डोळ्यांची आण, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सूनबाईला विचारा. उल्का शाळेत गणित शिकवते. तिला खोटं बोलता येत नाही, तीच तर तिची अडचण आहे.

आमची जीप तुम्ही पाहिलीयत. रावपुऱ्यात आमच्या गल्लीत उभी असते ती हिरवी. यजमानांनी घेतली तेव्हा आमचा विश्वास बोबडा बोलायचा, आता त्याला टक्कल पडलंय. या जीपनं एकदा चिखलात रुतलेला हत्ती ओढून काढलाय. माहूत रडला होता. ते जाऊ दे. यजमान गेल्यापासून जीप म्हणजेच माझे पाय. लहरीपुऱ्यात खरेदी असो, मैत्रिणीकडे, निरुपमाकडे, पत्ते खेळायला जायचं असो, किल्ली फिरवायची की निघाले. कुणाला विचारणं नाही. जीप गेली की मी विश्वासच्या गाडीत मागच्या सीटवर पिशव्यांशेजारी बसणार, आणि "आई, रविवारी नेतो" हे ऐकत ऐकत मरणार.

तर झालं काय, आमच्याकडे दसऱ्याला जीपला नुसता हार घालून भागत नाही. यजमानांची रीत, स्वतःच्या हातानं तिला रंग द्यायचा. यंदा विश्वासनं दिला, आणि हौसेला मोल नाही म्हणतात तसा दिला. स्टिअरिंगपुढची ती घड्याळांची पत्र्याची पाटी, आम्ही बोर्ड म्हणतो, ती स्क्रू काढून बाहेर ओढली, पुढून-मागून रंगवली, स्क्रूसुद्धा रंगवले आणि परत बसवली. काय चमकत होती! आणि त्याच आठवड्यात काटे मेले. डिझेलचा मेला, पाण्याच्या गरमीचा मेला, बोर्डावरचे दिवे मेले. एक वेगाचा काटा जिवंत, कारण तो चाकाकडून आलेल्या केबलवर फिरतो, त्याला वीज लागत नाही.

आता रंगाचा नि काट्यांचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? पूजा करून गाडी बिघडते का कधी?

विश्वास म्हणाला, "आई, शुक्रवारी दुपारी फिटनेसची तपासणी आहे. मेलेल्या काट्यांची गाडी पास होणार नाही. तोवर हलले तर ठेव तुझी जीप. नाहीतर मी भंगारवाल्याला सांगतो."

"आणि मी पण जुनीच आहे," मी म्हटलं. "मलाही दे त्याच्याबरोबर."

"तुला घेणार नाही तो. तुझ्यात लोखंड कमी नि जीभ जास्त."

घ्या. याला मी घास भरवले.

मग मी कामाला लागले. यजमानांच्या हाताखाली पाने-पकडी धरून धरून थोडं शिकलेच होते. आधी फ्यूज बघितला, ठीक. मग डिझेलच्या टाकीवरची वायर सोडून जीपच्या अंगाला टेकवली. घड्याळ जिवंत असेल तर काटा उसळी मारतो. नाही मारली. म्हणजे दोष टाकीत नाही, पुढे बोर्डाकडे. तिथे बल्ब लावून बघितला, एक टोक घड्याळाच्या वायरला, दुसरं जीपच्या पत्र्याला. बल्ब लख्ख पेटला! करंट येतोय, तरी काटे मेलेले. म्हटलं, घड्याळंच गेली. शुक्रवार सकाळपर्यंत मी त्याच विचारात. बोर्डाचे वरचे दोन स्क्रू काढून तो तिरका ओढला होता, किल्ली चालू ठेवली होती आणि आत टॉर्च घालून बघत बसले होते.

तेवढ्यात गल्लीत क्रेन घुसली. बाजव्याचा भंगारवाला भूपत आला होता. विश्वासनं ऑफिसला जाता जाता त्याला फोन करून टाकला होता, तपासणीची वाटही न बघता! भूपतबरोबर एक पैलवान. मनगट माझ्या मांडीएवढं, त्यात जाड पोलादी कडं.

"बा, नीचे उतरो," भूपत त्याच्या गुजरातीत म्हणाला. "विश्वासभाईए हा पाडी छे."

"होकार देणाऱ्या विश्वासभाईला मी जन्माला घातलंय. जास्त बोललास तर त्याला परत पोटात घालीन आणि तुला क्रेनच्या हुकाला."

तो हसला. हसला आणि हातातली पहार फिरवून डाव्या दिव्यावर हाणली. काच फुटून माझ्या मांडीवर आली. यजमान तो दिवा धोतराच्या सोग्यानं पुसायचे. चाकाचा पाना पायाशी होता, तो उचलून मी असा भिरकावला की थेट त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर! कट्ट असा आवाज झाला. भूपत रस्त्यावर बसला नि आपल्या आईला हाका मारायला लागला.

मग पैलवान आला. जीपला दार नाही, त्यानं सरळ आत हात घालून माझा अंबाडा धरला आणि कांदा उपटावा तसं मला ओढलं. मी त्याच्या मनगटाला, कड्याच्या बरोबर वर, कडकडून चावले. रक्त आलं, खारट. तो ओरडला, तशी मी डोक्यानं त्याच्या थोबाडावर धडक दिली. त्याचा दात उडाला आणि टणकन जीपच्या ॲशट्रेत पडला! अजून आहे तिथे. कुणीही येऊन बघावा.

उल्का धावत बाहेर आली. हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. एरवी झुरळ दिसलं तरी मला हाक मारते ती. तिनं पैलवानाच्या पाठीत बत्ता घातला. तो वळला आणि त्यानं तिला उचलून बॉनेटवर आपटलं. तिचं कपाळ फुटलं, बॉनेटवरून रक्ताचा ओघळ गेला. मी म्हटलं, संपली पोरगी. पण ती उठली. चष्मा नीट केला. आणि परत माझ्याकडे वळलेल्या पैलवानावर दुसरा घाव घातला, मानेच्या खाली. पैलवान तोंडावर आत कोसळला, त्याचा हात तिरक्या बोर्डामागे घुसला, आणि ते कडं बोर्डाची कड नि जीपचा पत्रा यांच्या मधे खरखरत रुतलं.

आणि काटे उठले.

डिझेलचा पाव टाकीवर. गरमीचा आपल्या जागी. बोर्डावरचे दिवे लागले.

"उल्का, बस त्याच्या पाठीवर! हलू देऊ नकोस!"

"आई, ह्याचा श्वास कोंडतोय."

"कोंडू दे, काटा हलतोय!"

पैलवानानं हात ओढला, काटे पडले. मी त्याचा हात परत दाबला, काटे उठले. तो बोंबलतोय, उल्का त्याच्या पाठीवर बसून कपाळाचं रक्त पदरानं पुसतेय, आणि मी बघतेय कड्याकडे. कडं रुतलं तिथला रंग खरवडून दोन्हीकडे चकचकीत पत्रा दिसत होता.

"आई," उल्का म्हणाली, "करंट जातोय, पण परतायला रस्ताच नव्हता. ह्यांनी रंगानं बुजवला!"

अगं बाई! करंटला घरी परतायचं असतं बोर्डातून जीपच्या अंगात, आणि माझ्या कुलदीपकानं मागून-पुढून, स्क्रूपर्यंत रंग फासून त्याला बाहेर काढलं होतं. भंगारात द्यायला जीप निघाली, ती त्याच्याच ब्रशनं.

तोवर मागे भूपत लंगडत उभा राहिला होता. पहार डोक्यावर. मी वळले नाही. उल्काचा मोबाइल घेतला, विश्वासला व्हिडिओ कॉल लावला आणि काट्यांपुढे धरला.

"बघ! हललेत! तू बोलला होतास!"

"आई, तो बोर्डात हात कुणाचा आहे?"

"वायर आहे तात्पुरती." मी फोन घाईनं माझ्याकडे वळवला.

"आणि तुझं तोंड लाल का?"

"पान खाल्लंय. भूपतला सांग, पहार खाली ठेव."

विश्वास ओरडला, भूपतनं वाकून काटे बघितले, आणि मलाच म्हणाला, "आ तो चालू छे! चालू गाडी भंगारमां?" पहार क्रेनमधे फेकली आणि विश्वासला अशा शिव्या घातल्या की मला पोटच्या पोराची दया आली. पैलवानाचा हात सुटला. बोर्डावरचं नि पत्र्यावरचं रंगाचं कातडं मी त्याच पैलवानाकडून पॉलिशकागदानं घासून घेतलं, स्क्रूंसकट. बोर्ड आवळला. एक जादा वायर बोर्डातून जीपच्या अंगाला बांधली.

दुपारी जीप पास झाली. फुटक्या दिव्याच्या जागी नवा घालून, कपाळाला पट्टी बांधलेली उल्का शेजारी बसवून, मीच चालवत नेली. संध्याकाळी विश्वास आला. किल्ली माझ्या कमरेला होती. पुढच्या दसऱ्याला ब्रश माझ्या हातात राहील, एवढं मी त्याला बजावलं.

आता आण घेतलीय म्हणून सांगते. भूपतचा गुडघा खरा, उल्काचं कपाळ खरं, हत्ती तर खराच. पण ॲशट्रेतला तो दात पैलवानाचा नाही. माझ्या कवळीतला आहे. मी चावले तेव्हा मधे कडं आलं.