आवरलेली खोली

दादरच्या संस्थेचं पत्र आलं तेव्हा चाळीत गणपतीची आरास चालू होती. शिवराम तावड्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवलं. आता होळी तोंडावर आली तरी त्याला उत्तर गेलं नव्हतं.

याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटे. परळच्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर त्यांनी सगळी नोकरी काढली. अमुक कादंबरी आत आहे की बाहेर, एवढंच विचारणाऱ्या पोस्टकार्डालाही ते उत्तर पाठवायचे. पण हे पत्र हातात घेतलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायचं, आणि ते पुन्हा घड्याळामागे जायचं.

पत्रात वाईट असं काही नव्हतं. कौतुकच होतं. 'आपल्या घरी भेट दिली असता रुग्णाची निगा अत्यंत उत्तम राखली जात असल्याचे दिसून आले. खोली स्वच्छ आहे, शेजाऱ्यांचा आधार आहे, आपली स्वतःची काही तक्रार नाही. सबब विसावा योजनेतून खर्च देण्याची निकड सध्या दिसत नाही. आपले काही म्हणणे असल्यास लेखी कळवावे.' खाली पाहणीला आलेल्या संघमित्राबाईंची सही होती.

म्हणणं होतं. पण ते मांडायला आपण कोण, इथेच शिवरामभाऊंचं गाडं अडायचं.

त्यांची बायको रखमाबाई अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आधी उजवी बाजू गेली, मग बोलणं, आणि मागोमाग आठवणही विरत गेली. उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, सगळं शिवरामभाऊ करत. मुलगी रुपाली विरारला. तिला नोकरी, दोन पोरं, आणि घरात आजारी सासरा. ती रविवारी यायची, आईचे केस धुवायची आणि डोळे पुसत परत जायची.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनीच एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्ही सुट्टी कधी घेता. काही ठिकाणी रुग्णाला थोडे दिवस ठेवून घेतात, तेवढा घरच्या माणसाला आराम मिळतो, आणि पेन्शनीत बसत नसेल तर एखादी संस्था खर्चही उचलते, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून शिवरामभाऊंनी डिलाईल रोडपासून गिरगावापर्यंत उंबरे झिजवले. रुग्णासाठी सगळीकडे काही ना काही होतं. औषधं होती, कुबड्या होत्या, चाकांची खुर्ची होती. करणाऱ्यासाठी काही आहे का म्हटलं की टेबलापलीकडचा माणूस वर बघायचा. तुम्हाला काय आजार आहे? आजार नाही, दमलोय. एका ठिकाणी कारकून हसला, वाईट मनाने नव्हे, आणि म्हणाला, काका, दमलेले तर आम्ही पण आहोत. शिवरामभाऊ त्याचे आभार मानून बाहेर पडले.

शेवटी दादरची संस्था सापडली. प्रभादेवीच्या एका शुश्रूषागृहात रुग्णाला पंधरा दिवस ठेवायचं, खर्च संस्थेचा. अट एकच, आधी घरी येऊन पाहणी होणार.

चूक झाली ती इथे.

पाहणीला बाई येणार हे कळल्यावर शेजारच्या शांताने पदर खोचला. चाळीतलं कुठलंही बारसं किंवा बारावं तिच्याशिवाय पार पडत नसे. कोणी बघायला येणार म्हणजे घर दाखवण्यासारखं हवं, मग ती माणसं मुलगी बघायला येवोत की मदत द्यायला, हा तिचा कायदा. श्रावणातल्या त्या सकाळी चाळीतल्या बायांनी खोली धुऊन काढली. घाणीची बादली, रबरी चादरी, डायपरचा खोका, सगळं शांताच्या मोरीत गेलं. रखमाबाईंना इरकली लुगडं नेसवलं, केसांत अबोलीचा वळेसर माळला. उदबत्त्या लागल्या. शिवरामभाऊंच्या अंगात इस्त्रीचा सदरा आला आणि हातात पोह्यांची बशी, वर ओलं खोबरं पेरलेली.

संघमित्राबाई भल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, काका, झोप होते का? दारात अर्धी गॅलरी उभी होती. शिवरामभाऊ म्हणाले, होते की. त्रास होतो का फार? आपल्याच माणसाचा कसला त्रास, शिवरामभाऊ म्हणाले. दारातल्या माना हलल्या, कोणीतरी नाक ओढलं. बाईंनी तसंच लिहून घेतलं. दुसरं काय लिहिणार होत्या?

नकार आल्यावर शांता भडकली होती. एवढं सगळं करून नाही म्हणाले? खाल्ल्या पोह्यांना जागली नाही ती बाई, असं ती महिनाभर बोलत होती.

होळीच्या आधीची ती दुपार. रखमाबाई पेज गिळत नव्हत्या. घास तोंडात धरून ठेवायच्या आणि मग चादरीवर सोडायच्या. सकाळपासून अंथरूण दोनदा बदलून झालं होतं. पुन्हा पेज छातीवरून ओघळली, आणि शिवरामभाऊंचा हात वर गेला. पंजा उघडा होता.

रखमाबाईंनी तो पाहिला. त्यांना वाटलं, केस विंचरायचे आहेत. त्यांनी शहाण्या मुलीसारखी मान खाली घातली आणि तशाच थांबून राहिल्या.

शिवरामभाऊंनी फणी घेतली आणि केस विंचरले. बराच वेळ विंचरले. मग चादर न बदलताच बाहेर येऊन गॅलरीचा कठडा धरून उभे राहिले.

शांता आपल्या दारात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. वहिनी जेवल्या का, असं तिने मान वर न करता विचारलं.

"शांता, आज माझा हात उठला होता तिच्यावर."

"मारलात?"

"नाही. पण उठला."

"असां कित्याक बोलतास, भावजी," शांता एकदम मालवणीवर आली. "माणूस वैतागता." मग सावरून म्हणाली, उद्या दुपारभर मी बसते वहिनींजवळ, तुम्ही वाचनालयात जाऊन या.

"तू बसतेस तेवढ्यात मी भाजी आणतो, औषधं आणतो आणि परत येतो. मला परत यायचं नाहीये, शांता. पंधरा दिवस तरी."

"आणि लोक? बायकोला टाकून म्हातारा मोकळा झाला म्हणतील."

"म्हणू देत. ज्याला म्हणायचंय त्याने एक रात्र येऊन चादर बदलावी. मग सकाळी आम्ही दोघं मिळून मला नावं ठेवू."

शांताला हसू फुटलं, ते तिने पदराने दाबलं. या माणसाच्या तोंडून एका दमात एवढं तिने कधी ऐकलं नव्हतं.

त्या बाईंना परत बोलावणार आहे, शिवरामभाऊ म्हणाले, पण या वेळी कोणी काही आवरायचं नाही.

"म्हणजे झाडायचं पण नाय?"

"मला जमलं तर झाडीन."

"आणि वहिनींना त्या विटक्या गाऊनमध्ये दाखवणार परक्या बाईला? चाळीची काय शोभा राहणार?"

"चाळीची शोभा श्रावणात राखली आपण. त्यात माझी पंधरा दिवसांची झोप गेली."

हे शांताला लागलं. सोड्यांचं ताट उचलून ती आत गेली. आत भांडी जरा जास्तच वाजली. मग ती परत दारात आली.

"पोहे तरी?"

"पोहे नाहीत."

"चहा?"

शिवरामभाऊंनी विचार केला. "दूध उरलं असेल तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाबाईंचा डोळा लागला तसे ते कागद घेऊन बसले. पहिल्या ओळीत क्षमस्व लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या कागदावर उत्तरास विलंब झाल्याबद्दल दिलगिरी होती, तोही चुरगळला. आपण फार बोलत तर नाही ना, हा किडा डोक्यात वळवळत होताच. हात उठल्याचं लिहावं की नाही, यावर पेन सगळ्यात जास्त अडलं. वाचून ते रखमाला माझ्यापासून लांब नेतील? मला नालायक ठरवतील? पलंगाकडे पाहून त्यांनी तेही लिहिलं.

'आपण श्रावणात पाहिलेली खोली आमची नव्हती. ती पाहुण्यांसाठी आवरलेली होती. मला झोप लागते असे मी सांगितले, ते खोटे होते. आपल्याच माणसाचा त्रास नसतो असे सांगितले, तेही खोटे. काल माझा हात पत्नीवर उठला. पडला नाही. पुढच्या वेळी पडणार नाही असे मी लिहून देऊ शकत नाही. निगा उत्तम आहे हे आपले म्हणणे खरे आहे, आणि ती राखता राखताच मी संपत आलो आहे. निगा वाईट केली असती तर आपण खर्च दिला असता का, हे मला कळवावे. मला कोणताही आजार नाही. मला विसावा हवा आहे. आपण योजनेला तेच नाव दिले आहे, म्हणून मी तो उपकार समजून मागत नाही. आपण न कळवता कोणत्याही सकाळी या. दार उघडेच असते. काहीही आवरलेले नसेल. पोहे मिळणार नाहीत.'

पोह्यांचं वाक्य उद्धट वाटलं म्हणून त्यांनी खोडलं. मग सगळं पत्र नव्याने लिहून काढलं, आणि त्यात पोह्यांचं वाक्य होतं.

शांता रखमाबाईंजवळ येऊन बसली. तिने सवयीने चादरीची सुरकुती सारखी करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शिवरामभाऊ जिना उतरले. नाक्यावर पानवाल्याकडे पेपर वाचत उभा असलेला चाळीतला रघु म्हणाला, काय तावडेकाका, भरउन्हात कुठे?

"भांडायला," शिवरामभाऊ म्हणाले.

रघु हसला. काकांना थट्टा करता येते हे त्याला माहीत नव्हतं.

लाल पेटीपाशी ते थांबले. पाकीट उघडून एकदा वाचावं, एखादा शब्द सौम्य करावा, असं हाताला फार वाटलं. पण पाकीट डिंकाने पक्कं चिकटवलेलं होतं. त्यांनी ते फटीतून आत सारलं, मग अडकलं बिडकलं तर नाही म्हणून बोटं आत घालून चाचपलं. बोटांना काही लागलं नाही. पत्र गेलं होतं.