रुमाल तेव्हाही पांढराच होता

ज्याची आठवण लोकांना घरात कुणी मेल्यावरच होते, त्याने लोकांच्या लोभाची आशा धरू नये. शववाहिकेच्या मालकाने ती कधी धरलीही नव्हती. लोक त्याला गोगलगाय म्हणत आणि तो ते नाव पदवीसारखं मिरवी. लांबलचक काळी डिझेल गाडी, मागे काचेआड पेटी, आणि वेग असा, की मागून चालणाऱ्या म्हातारीलाही धाप लागू नये. दफनभूमीत पोचल्यावरही तो इंजिन बंद करत नसे. लोक डोळे मिटून उभे असताना मध्येच स्टार्टर खरखरला, तर त्याला ताटात पाल पडल्यासारखं होई. धंद्याची म्हणून काही अदब असते की नाही?

धंद्यात त्याला भागीदार एकच, त्याची आत्या. आईबापांमागे तिनेच त्याला वाढवला. पेट्यांच्या आतलं पांढरं साटिनचं अस्तर ती शिवायची, आणि प्रत्येक अंत्ययात्रेत गाडीच्या मागे, अगदी पहिल्या रांगेत चालायची. मेलेला ओळखीचा असो वा नसो. "शिवण खाली मातीत जाईपर्यंत माझ्या गळ्यात असते," म्हणायची. "मध्येच उसवली तर तोंड कुणाला दाखवू?"

गाडी घेतली तीही आत्याच्याच पसंतीने. शोरूममधल्या विक्रेत्याने खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला, गाडीच्या मागच्या नळीत बोटभर आत घालून फिरवला आणि आत्याच्या नाकासमोर धरला. "बघा मावशी. याच रुमालाने मी जेवून तोंड पुसणार आहे." रुमाल खरोखरच पांढरा होता. कापडात जन्म घालवलेल्या बाईला पांढरं म्हणजे काय ते कोण शिकवणार? तिने मान हलवली, सौदा पटला. मागच्या काचेवर कंपनीने एक हिरवं पान चिकटवून दिलं, त्यावर लिहिलं होतं: स्वच्छ डिझेल. विक्रेत्याचं नाव मात्र तेव्हापासून रुमालवाला पडलं.

मग एक दिवस कंपनीचं पितळ उघडं पडलं. गाडीला म्हणे कळायचं, आपली तपासणी चाललीय. साहेबाची चाहूल लागताच फाइल उघडणाऱ्या कारकुनासारखी ती तपासणीच्या खोलीत शहाणी व्हायची, आणि रस्त्यावर आली की मोकाट. जो वायू ती सोडायची तो डोळ्यांना दिसत नव्हता आणि कापडालाही लागत नव्हता. त्याचं काम थेट छातीशी होतं.

आत्याला तोवर खोकल्याने धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय असेल, कापडाची धूळ असेल, आणखी काही असेल, सांगता यायचं नाही. गोगलगायीने मात्र मनात हिशेब मांडला आणि त्याची त्यालाच शिसारी आली. लोकांना धाप लागू नये म्हणून तो सावकाश जायचा. म्हणजे जितका सावकाश, तितका वेळ लोक त्या नळीच्या तोंडाशी. सगळ्यांत जास्त वेळ कोण, तर पहिल्या रांगेतली. आपण आदर आदर म्हणून जे वाढत होतो ते काय होतं?

"गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण मी तुझ्यासाठी ठेवली होती रे," आत्या उशीला टेकून म्हणाली. "पाय निघाले ते गाडीच्या पोटात."

"आत्या, बोलू नकोस, खोकला येतो."

"खोकला न बोलताही येतो. ऐक. मला सावकाश ने. जन्मभर मशीन दामटलंय, आता घाई नको. आणि माझ्या मागे कुणाला त्या नळीशी चालायला लावू नकोस. वचन दे."

त्याने दिलं. त्याच आठवड्यात कंपनीचं बोलावणं आलं: गाडी घेऊन या, दुरुस्ती फुकट. त्याला वाटलं, चला, वचन पाळायची सोय झाली.

शोरूमच्या प्रतीक्षागृहात अत्तराचा फवारा मारलेला होता आणि कॉफीचं यंत्र गुरगुरत होतं. सोफ्यांवर मालक लोक लग्नाला आलेल्या रुसक्या पाहुण्यांसारखे बसले होते. टॅक्सीवाला म्हणाला, "माझी झाली दुरुस्ती मागेच. आता पिते जास्त नि पळते कमी. मेहुण्यासारखी." सगळे हसले.

"पण दुरुस्ती केली कुणी?" निवृत्त शिक्षिकेने चष्म्यावरून पाहिलं. "ज्यांनी फसवलं त्यांनीच ना? म्हणजे कॉपी केलेल्या कार्ट्यालाच पेपर तपासायला दिला. वर म्हणायचं, बाळा, खरे मार्क दे हं."

कॉफी संपायच्या आत दुरुस्ती संपली. एक वायर लावली, संगणकावर काहीतरी सरकलं, वायर काढली. रुमालवाला हसत आला. आता तो विक्रेत्याचा ग्राहक-सल्लागार झाला होता; पगार वाढला होता, पोट वाढलं होतं. त्याने गोगलगायीला गाडीमागे नेलं, खिशातून पांढरा रुमाल काढला, नळीत फिरवला आणि समोर धरला.

"बघा साहेब. दुधासारखा."

गोगलगायीने तो हाताने बाजूला सारला. "अहो, रुमाल तेव्हाही पांढराच होता."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? रुमाल तोच, नळी तीच, तुम्ही तेच. मला एवढंच सांगा, हिच्या मागून माणसं चालली तर चालतील का? हो की नाही?"

"कंपनीच्या मानकांनुसार गाडी पूर्णपणे नियमात आहे."

"तेव्हाही होती. हो की नाही?"

"साहेब, तुम्ही फार ताण घेता."

"बरं, मग तुम्ही चला. मी सावकाश घेतो, तुम्ही नळीमागून या. दफनभूमीपर्यंत."

रुमालवाला मनापासून हसला. "काय साहेब, चेष्टा! माझी ड्यूटी आहे." आणि त्याने भेट म्हणून आरशाला लटकवायचं कागदी झाड दिलं. त्याला जंगलाचा वास होता म्हणे.

दुरुस्तीनंतर गाडीने नवीच तऱ्हा सुरू केली. सावकाश चालवलं की समोर पिवळा दिवा लागायचा, जळका वास सुटायचा आणि पंखा भणभणायला लागायचा. एका अंत्यविधीत मृताचा भाऊ चार शब्द बोलायला उभा राहिला, आणि पंख्याने त्याला असं दाबलं, की शेवटी बिचारा ओरडून म्हणाला, "तो फार शांत माणूस होता!" लोकांनी माना खाली घातल्या, काहींनी दुःखाने, काहींनी हसू दाबायला.

गोगलगाय पुन्हा शोरूमला गेला.

"तुम्ही इंजिन चालू ठेवून उभे राहता?" रुमालवाल्याने विचारलं. "आणि चालवता कायम हळू? मग चूक तुमचीच आहे साहेब. काजळीची जाळी तुंबते. अधूनमधून हायवेवर अर्धा तास जोरात पळवत जा."

"अहो, मागे माणूस असतो."

"त्याला काय फरक पडतो?"

गोगलगायीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. ही थट्टा नव्हती. तो खरोखरच सल्ला देत होता. घरी येऊन गोगलगायीने दोनदा हात धुतले आणि बायकोला जेवायला नको म्हणून सांगितलं.

आत्या त्यानंतर फार दिवस काढू शकली नाही. स्वतःचं अस्तर तिने आधीच शिवून ठेवलं होतं, आत कडेने बारीक टीप, उसवेल म्हणायची बिशाद नाही.

सकाळी पेटी गाडीत ठेवली. गोगलगायीने किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला, पंखा भणभणला, जळका वास कागदी जंगलाच्या वासात मिसळून नाकात शिरला. आरशात मागे उभी माणसं दिसत होती: पेटी बनवणारा सुतार, शेजारपाजारच्या बाया, शोरूममध्ये ओळख झालेला टॅक्सीवाला नि ती निवृत्त शिक्षिका. सगळी नळीच्या मागे, सवयीने, अदबीने.

त्याने किल्ली मागे फिरवून इंजिन बंद केलं.

"अहो, काय झालं?" बायकोने खिडकीशी वाकून विचारलं.

"मी हिला ही हवा खाऊ घालणार नाही. आणि यांनाही नाही."

"मग काय आत्यांना डोक्यावर नेणार?" मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि वळून मोठ्याने म्हणाली, "सुतारभाऊ, तुमचा तो जाडजूड दोर घेऊन या. सगळे पुढे या. मागे कुणी थांबायचं नाही."

दोर पुढच्या आकड्याला बांधला. माणसांनी धरला आणि गाडी हलली. बंद इंजिनावर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं, ब्रेक लाकडासारखा. गोगलगाय घामाघूम होऊन ते दोन्ही सांभाळत होता. पण अशी सावकाश ती गाडी आजवर कधी चालली नव्हती. टायरांखाली खडी कुरकुरताना ऐकू येत होती.

वाट शोरूमवरून जात होती. काचेचं दार उघडून रुमालवाला धावत बाहेर आला. बंद पडलेली गाडी, कंपनीचं चिन्ह समोर, आणि माणसं ती ओढतायत! "साहेब, दारासमोर असं… ओढून न्यायला आमची गाडी बोलावू का? फुकट!"

"दोर धरा," बायको म्हणाली, "नाहीतर बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. माणसं पुढे गेली, मग गाडी त्याच्यासमोरून सरकली. पेटी गेली, मागची काच गेली, हिरवं पान गेलं. आणि नळी त्याच्यासमोर येताच रुमालवाल्याचा हात आपोआप खिशात गेला. पांढरा रुमाल निघाला आणि नाकावर बसला.

इंजिन बंद होतं.

गोगलगायीने ते बाजूच्या आरशात पाहिलं. ज्या प्रश्नाला या माणसाने तोंडाने कधी उत्तर दिलं नव्हतं, त्याचं उत्तर त्याच्या हाताने दिलं होतं. हात कितीतरी दिवस जाणून होता. गोगलगायीला इतकी किळस आली, की क्षणभर वाटलं उतरावं आणि त्या इस्त्रीच्या रुमालावर थुंकावं. पण स्टिअरिंग सोडलं असतं तर आत्या भिंतीवर गेली असती. तो गिळून बसला. आत्याला तिच्या टिपेसकट सुखरूप खाली ठेवलं, आणि मग दफनभूमीच्या कुंपणाआड जाऊन ओकला.

लोकांना मरायला गाडीची दुरुस्ती पूर्ण व्हायची वाट बघवत नाही. दोनच दिवसांत दुसऱ्या अंत्ययात्रेचं बोलावणं आलं. दुसरी गाडी त्याच्याकडे नव्हती. रोज दोर ओढायला माणसं कुठून आणणार? त्याने हिरवं पान नखांनी खरवडून काढलं, कागदी झाड गटारात टाकलं आणि गाडी सुरू केली. दिवा लागला. पंखा भणभणला.

नातेवाईक नेहमीप्रमाणे मागे जमायला लागले, तसा तो उतरला. "मागे नको. सगळे पुढे चला. लांब चला. मी येतो मागून."

मृताचा थोरला मुलगा गोंधळला. "पुढे? ही काय नवी रीत काढलीत?"

"रीत कसली," गोगलगाय दार ओढत म्हणाला. "कंपनीची दुरुस्ती आहे."