गल्लीचा नंबर

मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. मालतीबाईंचा. पाचचं बटण बसलंय, पाठीचं झाकण रबरबँडने बांधलंय, आणि स्वभाव पहिल्यापासून अधीर. वाजण्यासाठीच माझा जन्म. गप्प पडून राहणं मला कधी जमलंच नाही.

मित्रांनो, वाल्मिकभाऊ पांडेसऱ्यातल्या कापड रंगवायच्या मिलमध्ये लागले, तेव्हा त्यांनी मला बायकोसाठी आणलं. मिलच्या गेटवर कामगारांचे फोन जमा करून घेतात. त्यामुळे दिवसा गल्लीत हमखास उचलला जाणारा फोन मीच. गॅस, रेशन, शाळा, जिथे तिथे सगळ्यांनी माझाच नंबर दिला. "मालतीबाईंचा फोन आहे म्हणून बरं," असं जो तो म्हणायचा. पुढे खिशाखिशांत मोठ्या पडद्याचे फोन आले आणि मी पिठाच्या डब्यामागे गेलो. गरज सरो, वैद्य मरो!

यंदा त्यांची चंचल बारावी झाली. तिला कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायचं होतं. ते एकाच कॉलेजात होतं आणि त्याचा फॉर्म वेगळा. वाल्मिकभाऊंना सामाईक फॉर्म हवा होता. एकदा भरला की पुष्कळ कॉलेजं.

"एकच कॉलेज धरीसन बसशी, नाव नही लागनं तं वरीस वाया जाई."

"माले तेच जोयजे, आप्पा."

या ओढाताणीत शेवटची तारीख उजाडली. वाल्मिकभाऊ पाळीवर गेले. चंचलने हार मानली आणि मायलेकी मला घेऊन सायबर कॅफेत सामाईक फॉर्म भरायला बसल्या.

संगणकाने नंबरच नाकारला! एका नंबरावर एकच अर्ज चालतो, आणि शेजारच्या शुभमने सवयीने त्याच्या सामाईक फॉर्मात माझा नंबर आधीच देऊन ठेवला होता. दुसरा द्यायचा कोणाचा? गल्लीतले बाकीचे फोन मालकांच्या खिशांतून कामावर गेलेले, आप्पांचा गेटवर जमा. त्यावरचा ओटीपी वाचणार कोण? चंचलचे डोळे भरून आले. माझा जीव टांगणीला, आणि बॅटरी शेवटच्या काडीवर.

त्या एका कॉलेजाच्या वेगळ्या फॉर्मात मात्र माझा नंबर अजून मोकळा होता. मालतीबाईंनी मला मुठीत आवळलं. "तुन्हा कॉलेजना फॉर्म भर वं. आप्पाले मी सांगसू."

ओटीपी यायला किती वेळ लागला, ते मला विचारू नका. मी थरथरलो, आकडे दाखवले आणि विझलो.

वाल्मिकभाऊ चिडले. लेकीशी बोलेनात. ती मात्र गॅसचा मेसेज आला तरी धावत यायची, आणि मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी खरा मेसेज आला. चंचलला प्रवेश मिळाला होता! मालतीबाई पायात चपला अडकवून तडक मिलच्या गेटवर. वाल्मिकभाऊ बाहेर आले, हात कोपरापर्यंत निळे. मला धरता येईना, म्हणून बाईंनीच मला त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी मेसेज वाचला. पुन्हा वाचला.

"आते हाऊ नंबर कोणले देऊ नको," ते म्हणाले. "हाऊ चंचलना शे."

मित्रांनो, गल्लीसाठी वाजलो त्याचं मला सुखच आहे. पण घरात मुलगी शिकत असेल, तर तिच्या नावाचा एक नंबर आधीच घेऊन ठेवा. आणि डब्यामागे माझ्यासारखं एखादं डबडं पडलं असेल, तर त्याला वेळेवर चार्जिंगला लावा. कोणाचं काय त्यावर अडलेलं असेल, काय सांगावं!