सीटवर डाग पडायला नको

मी बोलतेय, धावडा गावच्या धर्मराजची पांढरी गाडी. जरा लांब उभे राहा, चिखलाचे पाय घेऊन जवळ येऊ नका. हे मी नाही हो म्हणत, माझा मालक म्हणतो. ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलंय.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं आम्ही सगळ्या बहिणी सारख्याच, पत्र्याच्या आणि काचेच्या. थोर झाले ती शोरूममध्ये. धर्मराजनं भोकरदनच्या रस्त्यालगतचा प्लॉट विकला आणि मला घ्यायला आला. किल्ली हातात पडली तेव्हा त्याचं ध्यान माझ्याकडं कमी, फोटो काढणाऱ्याकडं जास्त.

दारात नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं. त्याची आई सोनूबाई ताट घेऊन आली. तिनं मला ओवाळलं आणि बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आलीस गं बाई! माझ्या लेकराला सांभाळ."

"माय, रंग जाईन ना!" धर्मराज खेकसला आणि त्यानं चारचौघांत ते कुंकू पुसून टाकलं.

सोनूबाईची रीतच तशी होती. एसटीतून उतरली तरी पायरीला हात लावून कपाळाला लावायची. कंडक्टर हसला की म्हणायची, "हसू नको बापू, घरापस्तोर आणलं हिनं." जेवण झालं की रिकाम्या ताटालाही नमस्कार. मला तर हसूच फुटायचं. त्या लाल डब्याच्या पाया पडणारी बाई माझी काय कदर करणार, असं मला वाटायचं.

पहिल्याच रविवारी सगळे राजूरच्या गणपतीला निघाले. म्हातारीला गाडी लागायची. थोडं अंतर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "काच खाली घे की रे जराशी."

"एसी चालू हाय. काच उघडत नसत्यात."

मग व्हायचं तेच झालं. बिचारीनं पदराची खोळ करून त्यात झेललं, तरी थोडं सीटवर सांडलंच. धर्मराजनं करकचून ब्रेक दाबला आणि आईला रस्त्यावर उतरवलं.

"गोठ्यात जल्म गेला तुझा, तुला काय कळती गाडी!"

"अवो, माय हाय तुमची," त्याची बायको दैवशाला म्हणाली. तिला त्यानं नजरेनंच गप्प केलं.

सोनूबाईनं लुगड्यानं सीट पुसली. "माफ कर बाई," असं मला म्हणाली. एसटीनं एकटीच घरी गेली, गणपती राहिलाच. त्यानंतर ती माझ्या दाराला कधी शिवली नाही.

इतकं जपून धर्मराज सुखी झाला म्हणता? छे! गल्लीत हरिओमची काळी गाडी आली. माझ्याहून लांब, छत उघडणारी. त्या दिवसापासून मी त्याच्या डोळ्यांतून उतरले. "डबडं घेतलं राव आपण," म्हणून त्यानं माझ्या चाकाला लाथ घातली. हावऱ्याला हंडा दिला तरी तो रांजणच मागणार.

गेल्या वैशाखातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या लग्नात नवरदेव माझ्यात बसणार होता, म्हणून मला धुऊनपुसून लख्ख केलं होतं. दुपारी सोनूबाईच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम, वर उलट्या.

"गाडी काढा जल्दी, भोकरदनच्या दवाखान्यात न्या!" दैवशाला ओरडली.

धर्मराजनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. किल्ली खिशातच होती. तो आत पळाला आणि खताच्या रिकाम्या गोण्या घेऊन आला. सीटवर एक अंथरली, तिच्यावर दुसरी. कोपरे खोचत बसला. तिकडं म्हातारी उंबऱ्यावर वाकून कण्हत होती.

"मला यष्टीत बसून दे रे," ती म्हणाली. "घाण होईन गाडी."

शेवटी दैवशालानंच तिला उचलून आत बसवलं. बसल्याबरोबर सोनूबाईनं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. दैवशाला तो काढायला गेली तर तिनं मानेनंच नको म्हटलं. खड्डा आला की धर्मराज ब्रेक दाबायचा, माझं बूड घासू नये म्हणून. माझ्यात केवढी ताकद होती! पण पाय त्याचा होता. मी बैलासारखी दावं तोडू शकत नाही, याचं तेवढं एकदा मला रडू आलं.

भोकरदन दिसायला लागलं आणि मागचं कण्हणं थांबलं. दैवशालानं हंबरडा फोडला. धर्मराज मागं वळला. त्यानं आधी सीट पाहिली, मग आई. सीट कोरडीच होती.

तो रडला, नाही असं नाही. तेराव्याला गावजेवणही मोठं घातलं. पण महिन्याभरात पुन्हा हरिओमच्या दाराकडं बघायला लागला.

आता मी विकायला काढलेली आहे. तुमच्या दारात आले तर मला ओवाळू नका, जपू नका. आईला पुढं बसवा, तिला ओकू द्या. मी धुतली की साफ होते.

आज सकाळीच अंबडहून गिऱ्हाईक आलं. दार उघडून आत हात फिरवला त्यानं.

"लई साफ ठेवलीय हो. मंग इकता कशाला?"

"मोठी घेऊन राह्यलोय."

"घरात माणसं वाढली का?"

"न्हाई, एक कमीच झालं," धर्मराज म्हणाला आणि माझं बॉनेट पुसायला लागला.