राखाडीपर्यंतचा डोळा

दोष बापाचा होता, हे आधीच सांगून टाकते. मी त्याच्या कारखान्यातली बॅकअपची डिस्क बोलतेय. तळहाताएवढी, काळी.

बाप कृत्रिम डोळे बनवतो. गिऱ्हाईकाच्या चांगल्या डोळ्याचा जवळून फोटो काढायचा आणि त्यावरून रंग जुळवायचा. फोटो कॉम्प्युटरवर, त्यांची नक्कल माझ्यात. चार हजार डोळे माझ्या पोटात उघडे असायचे. एकाचीही पापणी लवत नसे.

त्यातला एक बापाच्या धाकट्या पोरीचा. तिचा डावा डोळा लहानपणीच गेला; तेव्हा बसवलेल्या कृत्रिम डोळ्याचा रंग कधीच विटला होता. आता उजव्यावर पांढरा पडदा चढला होता, तोही काढावा लागणार होता. दोन्ही नवे डोळे त्या जुन्या, निरोगी फोटोवरूनच रंगवायचे होते. घरच्या फोटोंत तिचे डोळे राईएवढे, रंग कळण्याजोगे नव्हतेच.

नेमकी तेव्हाच नक्कल रखडू लागली. वीस मिनिटांचं काम पाच तासांवर गेलं. कॉलेज सोडलेल्या थोरल्या पोराने माझी वायर बदलली, पोर्ट बदललं, अँटिव्हायरस बंद केला. मग कॉम्प्युटरला कान लावला. टक्... टक्... कुणीतरी आतून दार वाजवावं तसं.

"बाबा, बाहेरची डिस्क ठणठणीत आहे. कॉम्प्युटरच्या आतली मरतेय. बाहेरच्या डिस्कमधली जुनी नक्कल पुसू नका."

"शिळं मी ठेवत नाही. टेबलसुद्धा रोज पुसतो."

"टेबल आणि हे एक आहे का?"

"परीक्षेला बसायची हिंमत नाही, निघाला मला शिकवायला!"

थोरला तणतणत गेला. बापाने मला पुसलं. चार हजार डोळे एकदम मिटले.

नवी नक्कल धाकटीच्या फोटोवर येऊन थबकली. भुवई आली. पापणीचा एकेक केस आला. टक्... टक्... "किती रेंगाळतंय हे!" म्हणत बापाने मेन स्विच बंद केला. कॉम्प्युटर पुन्हा उठलाच नाही.

थोरल्याने मला दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर भुवई, पापणी, पांढऱ्याची कड; आणि जिथून रंग सुरू व्हायचा, तिथून खाली सपाट राखाडी. बाप त्या राखाडीकडे बघत राहिला. तीही त्याच्याकडे.

"बाप आहात ना? आठवून रंगवा," थोरला म्हणाला.

त्याला आठवेना. परक्यांच्या डोळ्यांत तो तास तास डोकावला होता, पोरीच्या डोळ्यांत फक्त फोटोपुरता. त्याने अंदाजाने तपकिरी रंगवले. ऑपरेशननंतर ते धाकटीला बसवले.

"दादा, माझाच आहे ना रंग?"

"नाही."

तिने दोन्ही काढून टेबलावर ठेवले.

आता मी थोरल्याच्या खणात असते. वीज मिळाली की अजून त्या फोटोचा उरलेला भाग मागत राहते. पलीकडे कुणी नाही. जुनं पुसण्याआधी नवं उघडून बघा, एवढंच माझं मागणं.

धाकटी थोरल्याबरोबर घर सोडून गेली. बापाशी ती एक शब्दही बोलत नाही.